परकी भांडवल, देशी रुपया – लेखांक ५ : जबलपूरचे रूळ, लंडनचे व्याज

परदेशी पैसा आला म्हणजे विकास झालाच, असे नाही. तो कोणत्या अटींवर आला ते आधी पाहावे लागते, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. आता उदाहरण जबलपूरचे. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे मार्च १८७० मध्ये इथे जोडल्या गेल्या आणि मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. दोन्ही कंपन्या लंडनच्या, भागधारकही बहुतेक तिथलेच.

भांडवलावर ५ टक्के परतावा मिळणारच, ही त्यांची अट. रेल्वेच्या उत्पन्नातून तेवढे निघाले नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरायची. मग खर्चाला धरबंध कोण ठेवणार? माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साफ सांगितले, की पैसा हुगळीत बुडवला काय नि विटा-चुन्यात घातला काय, गुंतवणूकदाराला त्याचे सोयरसुतक नव्हते. शिवाय रूळ आणि इंजिने विलायतेची. त्यामुळे भांडवलाचा मोठा भाग तिथल्या तिथेच खर्ची पडे.

पण खरी मेख चलनात होती. कर रुपयांत जमायचा, व्याज पौंडांत द्यायचे. रुपया चांदीचा, चांदी टांकसाळीत नेऊन कुणीही रुपये पाडून घ्यावेत. १८७० नंतर जर्मनीसारख्या देशांनी चांदी सोडून सोने धरले, चांदी घसरली आणि तिच्यामागून रुपयाही. १०० पौंडांवरचे ५ पौंड व्याज रुपया दोन शिलिंगांचा असताना ५० रुपयांत भागे. रुपया एक शिलिंग चार पेन्सांवर आला, तेव्हा त्यालाच ७५ रुपये लागू लागले. मार्ग तोच, कर्ज तेच, बोजा दीडपट.

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. नाण्यांचा पुरवठा आवळला गेला आणि काही वर्षांत रुपया सावरला. लंडनचे देणे आटोक्यात आले, पण किंमत इथल्या माणसाने मोजली. पूर्वी तोळाभर चांदीचा जवळपास रुपया होई. आता चांदी वेगळी, रुपया वेगळा. १८९६-९७ च्या दुष्काळात जबलपूर जिल्हा होरपळला, तेव्हा घरातले तोडे-वाळे सराफाकडे नेणाऱ्याच्या हाती पूर्वीपेक्षा कमी रुपये पडत.

डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये याच व्यवस्थेवर बोट ठेवले. विनिमय दर स्थिर असण्यापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर असणे महत्त्वाचे आणि त्यासाठी रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता.

आजही परदेशी डॉलर आले आणि रिझर्व्ह बँकेने ते विकत घेतले, की तेवढे नवे रुपये बाजारात उतरतात. त्यातून कारखाने, वीज, रस्ते उभे राहिले तर उत्पादन वाढते, नाहीतर महागाई. म्हणून गुंतवणुकीचा आकडा ऐकला की तीन प्रश्न विचारावेत : जोखीम कुणाची, परतफेड कोणत्या चलनात आणि पैसा कशात गुंतला?

(पुढील लेखांकात : १९९१ चे परकीय चलनसंकट)