इंजिनचं फाउंडेशन बदलताना

सिग्नलला उभ्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, डॅशबोर्ड खडखडतो, आणि जरा रेस दिली की सगळं शांत होतं. क्लच सोडताना पुढून ‘धप्प’ असा आवाज येतो, रिव्हर्सला आणखी मोठा. जुन्या मारुती 800चे मालक हे गाडीच्या वयावर ढकलून मोकळे होतात. पुष्कळदा वय झालेलं असतं ते फाउंडेशनचं.

फाउंडेशन, म्हणजेच इंजिन माउंटिंग: दोन लोखंडी भाग आणि त्यांच्यामध्ये पक्कं चिकटवलेलं जाड रबर. इंजिनाचं वजन पेलायचं, ते जागेवर धरायचं आणि त्याचा हादरा बॉडीत जाऊ द्यायचा नाही, ही याची कामं. 800चं 796 सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, त्यामुळे ते मुळातच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डोलतं. आयडलिंगला मिनिटाला 800 फेरे धरले, तरी सेकंदाला 20 स्फोट होतात. हे सगळं ते रबर गिळतं. शेवटची 800 जानेवारी 2014मध्ये बनली. तेव्हापासूनचं मूळ रबर असेल, तर उष्णतेने ते कडक होऊन तडकलेलंच असणार.

पण आधी प्लग तपासा. तीनातला एक सिलिंडर बंद पडला तरी गाडी अशीच हलते. फरक इतकाच, की तेव्हा इंजिन अडखळतं आणि चढावर दम सोडतं. प्लग ठीक असतील, तर बॉनेट उघडा. एकाने आत बसून हँडब्रेक ओढावा, ब्रेक घट्ट दाबावा आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडावा. मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून पाहावं, गाडीसमोर किंवा मागे मुळीच नाही. इंजिन थोडं डोलणारच. ते एका बाजूने उचललं जाऊन परत आपटत असेल, तर त्या बाजूचं फाउंडेशन गेलं.

बदलायचं काम थंड इंजिनावर, सपाट जागेवर. बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. चाकांना ओट लावा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. आता इंजिनाला खालून जॅकचा आधार द्यायचा, पण ऑइल संपला थेट नाही. संप पातळ पत्र्याचा असतो, दबतो. मध्ये जाड, रुंद फळी हवीच. जॅक वजन उचलण्यापुरताच चढवा. बॉडी वर यायला लागली म्हणजे जास्त झालं. गाडीखाली शिरायचं असेल, तर बॉडीला स्टँड लावल्याशिवाय शिरू नका.

एका वेळी एकच फाउंडेशन सोडा. सगळी एकदम काढली तर इंजिन सरकतं, आणि रेडिएटरच्या होजवर किंवा सायलेन्सरच्या जोडावर ताण येतो. जुनं काढलं की नव्याशेजारी ठेवून उंची ताडून पाहा: बसलेलं रबर किती खचलंय ते तिथेच दिसतं.

खरी हुशारी नवं बसवताना लागते. भोकं जुळत नाहीत म्हणून बोल्टने ओढून घेऊ नका, आटे जातात. जॅक थोडा वर-खाली करा, इंजिन हाताने हलवा. पण भोक जुळलं की नाही ते बोट घालून पाहायचं नाही. सगळे बोल्ट आधी हाताने लावून घ्या. मग जॅक उतरवून वजन रबरावर येऊ द्या, इंजिन थोडं हलवून बसू द्या, आणि त्यानंतरच मॅन्युअलमधल्या मापाने टॉर्क रेंचने आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेलं राहतं. नवं असूनही हादरा देतं आणि लवकर फाटतं.

फारच कडक रबर घेऊ नका. टिकेल, पण थरथर सीटपर्यंत येईल. आणि टॅपेट कव्हरमधून ऑइल गळून फाउंडेशनवर येत असेल, तर आधी ते पॅकिंग बदला. ऑइल लागलेलं रबर फुगून मऊ पडतं, आणि नवं फाउंडेशनही मग फार टिकत नाही.