बहिरेपणाचें मूळ शोधणारी विदुषी

घरांत जन्मलेलें मूल टाळीच्या आवाजानें दचकत नाहीं, हांक मारल्यास मान वळवीत नाहीं, हें ध्यानांत येण्यास पुष्कळदां वर्ष-दीड वर्ष लोटतें. मग औषधें होतात, नवस होतात, आणि शेवटीं ‘हिनें ग्रहण पाळलें नसेल’ असा ठपका त्या मुलाच्या आईवर येतो. या ठपक्यास शास्त्राचा आधार नाहीं. जन्मजात बहिरेपणापैकीं निम्मा किंवा अधिक आनुवंशिक असतो, आणि त्याचीं मूळ कारणें ज्यांनीं शोधून काढलीं त्यांत फ्रान्समधील डॉ. क्रिस्तीन पेती अग्रभागीं आहेत.

पेतीबाईंचा जन्म १९४८ चा. वैद्यकाचें शिक्षण झाल्यावर त्या आनुवंशशास्त्राकडे वळल्या, व पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट ही त्यांची कर्मभूमि झाली. त्यांनीं विषय निवडला तो मोठा दुर्घट. अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नलिका असते. तींत ध्वनीची थरथर ओळखणाऱ्या केशपेशी अवघ्या पंधरा-सोळा हजार. डोळ्यांत प्रकाश ओळखणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे फरक कळेल. त्यांतून ही नलिका अत्यंत कठीण अशा हाडांत दडलेली. एवढ्या मूठभर पेशींचें रासायनिक पृथक्करण करणें जवळजवळ अशक्य! बाईंनीं म्हणून उलट वाट धरली. कानाकडून आरंभ न करतां त्यांनीं बहिऱ्या माणसांचीं कुळें तपासलीं.

त्यांतही एक अडचण होती. युरोपांत बहिऱ्याचें लग्न बहुधा बहिऱ्याशींच होई. दोघांच्या व्यंगाचीं कारणें भिन्न, व तीं एकाच घराण्यांत मिसळून जात. यास्तव बाईंनीं ट्युनिशिया व लेबनॉन येथील, आपसांतच सोयरीक करणारीं कुळें निवडलीं. ट्युनिशियांतील कुळांवरून १९९४ सालीं तेराव्या गुणसूत्रावर बहिरेपणाची एक जागा निश्चित झाली. तेथील सदोष जनुक १९९७ मध्यें लंडनच्या संशोधकांनीं ओळखला, आणि भूमध्यसमुद्राकांठच्या पुष्कळ रोग्यांत त्याचा दोष एकच आहे, हें त्याच वर्षीं पेतीबाईंच्या मंडळींनीं दाखविलें. ओळीनें आलेल्या सहा सारख्या अक्षरांपैकीं एक गळलेलें! पोथ्या नकलणाऱ्यांस हा प्रमाद परिचित आहे. तेंच अक्षर पुन्हां पुन्हां आलें कीं लेखणी एखादें गाळतेच. भारतांत याच जनुकांतील निराळा दोष अधिक आढळतो.

अशा जनुकाची एक सदोष प्रत बाळगणारा मनुष्य उत्तम ऐकतो. आई व बाप दोघांकडूनही सदोष प्रतच आली तर मूल बहिरें होतें, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास हा धोका चारांत एक इतका असतो. म्हणजे दोष उभयतांचा सारखा, किंवा खरें म्हणजे कोणाचाच नाहीं. आपण सगोत्र विवाह करीत नाहीं म्हणून निर्धास्त असतों. परंतु गोत्र केवळ पित्याच्या बाजूनें मोजलें जातें. देशस्थांत मामाची मुलगी करण्याची चाल होती. ती मुलगी गोत्रानें परकी खरी, पण रक्तानें चुलत बहिणीइतकीच जवळची!

१९९९ सालीं लेबनॉनमधील कुळांवरून बाईंच्या मंडळींनीं आणखी एक जनुक शोधला. त्यापासून होणाऱ्या प्रथिनास ऑटोफर्लिन म्हणतात. तें नसल्यास केशपेशीस आवाज पोंचतो, पण तिला तो निरोप मज्जातंतूच्या हवालीं करतां येत नाहीं. हा जनुक इतका लांब कीं, त्यास पेशींत वाहून नेणाऱ्या निरुपद्रवी विषाणूंत तो मावेना. म्हणून त्याचे दोन तुकडे दोन विषाणूंतून पाठविण्याची युक्ति निघाली. पेतीबाई व त्यांचे सहकारी यांच्या २०१९ च्या प्रयोगांत बहिरे उंदीर ऐकूं लागले. पुढें शांघायच्या वैद्यांनीं हीच युक्ति सहा बालकांवर केली व पांचांस ऐकूं येऊं लागलें, असें २०२४ च्या आरंभीं प्रसिद्ध झालें. त्यापूर्वींच, २०१८ सालीं, बाईंस हडस्पेथ व फेटिप्लेस यांच्यासमवेत काव्ली पारितोषिक मिळालें होतें.

हा इलाज अद्याप थोड्याच बालकांच्या उपयोगी आहे. इतरांस श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट, आणि बोलण्याचें शिक्षण. पण तें बाळपणींच हवें, कारण भाषा शिकण्याचें वय थांबत नाहीं. तान्ह्या मुलाची श्रवणपरीक्षा पहिल्या महिन्यांतच करतां येते. मूल निजलेलें असतां कानांत लहानसें बोंडलें ठेवतात, कांहीं मिनिटांत परीक्षा आटोपते, आणि त्यास कसलीही इजा होत नाहीं.