स्वस्तात मर्सिडीज मिळतेय, घ्यावी का?

श्रावण लागला की आमच्या केळशीतल्या गटांच्या सभेत कर्जाचे अर्ज वाढतात. कुणाला घर रंगवायचं असतं, कुणाला पत्रे बदलायचे असतात. अलीकडे त्यात मुलाच्या गाडीची भर पडली आहे. मुंबईहून मुलगा फोटो पाठवतो, "आई, नव्या साध्या गाडीच्या पैशात जुनी मर्सिडीज मिळतेय." पाठोपाठ दुसरा फोटो येतो, बुटक्या, दोन दारांच्या स्पोर्ट गाडीचा. यातली कुठली घेऊ, आणि कमी पडतात तेवढे गटातून मिळतील का? गाडी तो चालवणार असला तरी हप्ता आपल्या वहीत लिहिला जातो. म्हणून या गाड्या आपल्यालाही कळायला हव्यात.

पहिली ती सेडान, म्हणजे चार दारं आणि मागे डिकी. दुसरी कूपे, म्हणजे दोन दारं, पुढे दोघांची ऐसपैस सोय आणि मागे असलीच तर नावापुरती सीट.

या गाड्या इतक्या स्वस्त का होतात? महाग गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते आणि तो तोटा पहिला मालक सोसतो. समजा चाळीस लाखांची गाडी दहा वर्षांनी सात लाखांना मिळाली. पण तिचा दिवा फुटला, गिअर बिघडला, तर सुटा भाग चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावाने येतो. किंमत उतरली, खर्च उतरला नाही. विकणारा हे सांगत नाही, आणि मुलाला ते ऐकायचं नसतं!

दोन्हींत एक मोठा फरक आहे. मर्सिडीजच्या बऱ्याच सेडान पुण्याजवळ चाकणला जोडल्या जातात, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. त्यांचं गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक मुंबई-पुण्यात तरी सापडतात. दोन दारांच्या गाड्या मात्र बहुतेक परदेशात पूर्ण बांधूनच इकडे आल्या. ऑडी टीटी ही त्यातलीच. खपल्या कमी, म्हणून भाग मिळायला वेळ लागतो. गाडी १५ वर्षांची झाली की नोंदणी नव्याने करावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी साध्या मोटारीला ५,००० रुपये झाली, आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा.

आता आपला रस्ता बघा. एक वीत घ्या, साधारण १८ ते २० सेंटिमीटर भरते. मोठ्या सेडानच्या पोटाखाली बहुधा १५ सेंटिमीटरच्या आसपास जागा असते, स्पोर्ट गाडीच्या त्याहून कमी. म्हणजे आपली वीतसुद्धा खाली उभी राहत नाही. आळीतले चढ, पावसात उघडे पडलेले जांभ्याचे दगड, अंगणात वळताना लागणारी पायरी, यांवर ती घासणार. श्रीवर्धनकडे जायला वेसवीहून बागमांडल्याची फेरीबोट धरली, तर ओहोटीच्या वेळी उतार जास्त असतो, तिथेही नाक टेकतं. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं. एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला गडगा असलेल्या वाटेत ते अर्धंच उघडतं. गुडघेदुखीच्या सासूबाईंनी त्यातून आत कसं शिरायचं? रात्री कुणाला दापोलीच्या दवाखान्यात न्यायचं झालं तर झोपवणार कुठे? या बाबतीत सेडान सरस, यात शंका नाही. आंब्याच्या चार पेट्याही डिकीत बसतात.

बंद पडली तर मात्र दोघींची गत एकच. दापोलीचा मेकॅनिक वॅगनार डोळे झाकून उघडेल, पण या गाडीतला बिघाड शोधायला कंपनीचं मशीन लागतं. टेम्पोवर चढवून ती घाटावर किंवा मुंबईला न्यावी लागेल. काही महागड्या गाड्यांना स्टेपनीच नसते, पंक्चरही मग साधं राहत नाही.

आपल्या भागात सगळ्यात जपायचं ते पुरात बुडालेल्या गाडीपासून. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय. बुडालेल्या गाड्या पुढे लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. महाग गाडीचे विजेचे कंट्रोल बऱ्याचदा सीटखाली, पायाजवळ किंवा डिकीच्या तळाशी असतात. पाणी शिरलं की बिघाड लगेच दिसत नाही, चार-सहा महिन्यांनी एकेक सुरू होतो. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीचा डाग तिथे राहतो. डिकीतला गालिचा उचला. सीटखालची लोखंडी पट्टी गंजली आहे का बघा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, ओल्या गोणपाटाचा वास आपल्या नाकाला बरोबर कळतो. अत्तराचा वास जास्त असेल तर आणखी संशय घ्या. खाऱ्या वाऱ्यात राहिलेली गाडी असेल तर दारांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सरही तपासा.

दिल्लीची गाडी म्हणून आणखी स्वस्त सांगतात. तिथे डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून त्या बाहेर विकल्या जाऊ लागल्या. पण ती इथे नोंदवायला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो धरला तर स्वस्ताई बरीच आटते.

मुलाची हौस आम्हाला चुकीची वाटत नाही. वर्षभर लोकलला लटकणाऱ्याला गणपतीत स्वतःच्या गाडीतून गावात यावंसं वाटणारच. पण या दोनमधलीच घ्यायची तर आम्ही सेडान म्हणू, तीही इथेच जोडलेली आणि सर्व्हिसचं सगळं पुस्तक असलेली. आणि किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला असेल तरच. तेवढे पैसे नसतील तर दापोलीत दुरुस्त होणारी साधी जुनी गाडी बरी. दोन दारांच्या गाडीसाठी गटाचे पैसे देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. "पर्यटकांच्या भाड्यावर हप्ता फेडू," असं कुणी म्हटलं तर पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारता येत नाही हे सांगा. अपघात झाला तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते.

कर्ज आईच्या नावावर आणि गाडी मुलाच्या, असा अर्ज असेल तर मुलाला सभेला बोलवा, निदान फोनवर घ्या. हप्ता कुठून येणार हे त्याने सगळ्यांसमोर सांगावं. सुनेलाही विचारा, तिला खरा हिशेब ठाऊक असतो.

कागदांचं थोडक्यात. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. थकलेली ई-चलनं बघा. आधीचं बँककर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही पैसे देतानाच घ्या, नंतर तो फोन उचलत नाही. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. आणि थोडी रक्कम नवं आरसी हातात येईपर्यंत हातची ठेवायची, हे व्यवहार ठरतानाच लिहून घ्या.