रात्रीत रिकामा होणारा फिल्टर

मिस्त्रीकाकांनी गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायला सांगितली होती. ‘सकाळी चावीला हात लावायचा न्हाई ताई, थंड इंजिनच बघायचं हाय,’ असं दोनदा बजावलं. मी सकाळी उद्यमनगरात त्यांच्या गॅरेजवर पोचले तेव्हा शटरं नुकतीच वर जात होती. शेजारच्या लेथवाल्याचा पट्टा फिरायला लागला होता आणि माझी गाडी रात्री लावली होती तशीच उभी होती.

तक्रार छोटी होती, पण मला झोप लागू देत नव्हती. दोन महिन्यांपासून सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन सेकंद इंजिन खडखडायचं. तेवढा वेळ समोरचा तेलाचा लाल दिवाही जळत राहायचा. मग सगळं शांत, दिवसभर काही नाही. त्याच्या आधी प्रवासात एका अनोळखी गॅरेजमध्ये घाईघाईनं ऑइल बदलून घेतलं होतं. माझ्या गाडीचा फिल्टर तिथं नव्हता. पोरानं फळीवरचे दोन-तीन लावून पाहिले, एकाचे आटे जुळले, ‘बसतोय की’ म्हणाला. मीही मान डोलावली.

काकांनी खाली ट्रे सरकवला. पान्यानं फिल्टर थोडा सैल केला आणि पुढं हातानंच फिरवला. माझ्या गाडीत तो इंजिनाला आडवा बसतो. तेल ओघळलं ते इतकं थोडं की ट्रेचा तळही झाकला नाही. त्यांनी तो डबा माझ्या हातात दिला. ‘वजन बघा.’ रिकाम्या डब्यासारखा हलका होता. ‘हा भरलेला पायजे हुता. रात्रीत सगळं तेल खाली चेंबरात उतरलं. आता सकाळी पंप आधी हा डबा भरणार, मग तेल वर जाणार. तोवर वरचं सगळं तेलाची वाट बघत फिरतंय.’

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरातलं तेल पंप ओढतो, फिल्टरमधून ढकलतो, आणि तिथून ते क्रँकच्या बेअरिंगांकडं आणि वर कॅमकडं जातं. फिल्टरच्या तोंडाशी मध्ये एक मोठं भोक असतं, आट्यांचं; त्याच्याभोवती बारीक भोकांची माळ. तेल बारीक भोकांतून आत शिरतं, कागदाच्या घड्यांतून गाळलं जाऊन मधल्या भोकातून बाहेर पडतं. बारीक भोकांच्या आतल्या बाजूला रबराची एक चकती असते. तेल आत येताना ती वाकते, इंजिन बंद झालं की परत चिकटून बसते आणि तेलाला मागं जाऊ देत नाही. माझ्या फिल्टरमध्ये नेमकं हेच होत नव्हतं.

शेजारच्या लेथवाल्याकडं फिल्टरच्या आट्यांचा एक दांडा करून ठेवलेला आहे. त्यावर फिल्टर चढवला, कडेला हलकेच टूल लावलं, आणि डब्याचं तोंड वाटीसारखं वेगळं झालं. काकांनी चकती काढून दोन बोटांत वाकवली. ती वाकली आणि तशीच राहिली. कडेला बारीक चिराही होत्या. एवढ्यातच इंजिनाच्या उष्णतेनं रबर ताठरलं होतं. मग त्यांनी माझ्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतून निघालेला, वर्षभर चाललेला कंपनीचा फिल्टर कापून घेतला. त्याची चकती अजून लवचीक होती, सोडली की टपकन जागेवर येत होती. कागद पसरून शेजारी शेजारी ठेवले. माझ्या फिल्टरच्या घड्या विरळ होत्या, कागदाचा जोड एका ठिकाणी सुटलेला होता. त्या फटीतून तेल न गाळताच गेलं असणार. मी बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिले.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. बेअरिंगमध्ये धातूला धातूपासून दूर ठेवणारा तेलाचा थर याहून कितीतरी पातळ, काही मायक्रॉनचाच. डोळ्यांना न दिसणारी कचही त्यात ओरखडे काढते. मग जितका बारीक कागद तितका चांगला, असं मला वाटत होतं. तसं नाही. फार बारीक कागदातून थंड, दाट तेल पुढं सरकत नाही. त्यासाठी बायपास व्हॉल्व्ह असतो: कागदाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात ठरावीक फरक पडला की तो उघडतो आणि तेल न गाळता पुढं सोडतो, कारण तेल न मिळण्यापेक्षा अस्वच्छ तेल बरं. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड आणि ग्रीनहॉल्घ यांनी मोटारीसाठी पहिला तेल-फिल्टर आणला, तेव्हा त्यातून तेलाचा थोडाच भाग जायचा, बाकीचं थेट इंजिनाला मिळायचं. आता सगळं तेल फिल्टरमधूनच जातं, म्हणून ही पळवाट लागते. ती किती दाबाला उघडावी हे इंजिनागणिक वेगळं. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसतोच, इंजिनातच असतो. २० मिलिमीटरचे तेच आटे, तेवढाच डबा, पण आतलं गणित दुसऱ्याच इंजिनाचं. ‘आटं बसलं म्हंजे फिल्टर बसला असं नसतंय,’ काका म्हणाले.

नवा फिल्टर घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो, तिथं त्यांनी गाडीचं नुसतं नाव सांगितलं नाही. मॉडेल, साल, इंजिन सांगितलं, मॅन्युअलातला पार्ट नंबर कागदावर लिहून दिला. एकाच नावाच्या गाडीत सालागणिक इंजिन बदलतं. पेट्रोल-डिझेलचा तर प्रश्नच वेगळा. काही डिझेल इंजिनांत डबा नसतोच, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली नुसती कागदाची नळी बदलायची असते. खोका आला तसा त्यांनी उघडला. आट्यांवर बोट फिरवलं, मधल्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकून आत पत्र्याची कच राहिलीय का पाहिलं, काडीनं बारीक भोकातून रबर दाबलं. मग मला म्हणाले, ‘मधल्या भोकात फुंका.’ फुंकर अडली, बारीक भोकांतून वारा आला नाही. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूसाठी दुकानदारासमोर एवढं करायला मला आधी लाज वाटली असती. आता वाटत नाही.

बसवताना त्यांनी इंजिनाची बैठक चिंधीनं पुसली आणि जुनं रबर चिकटून राहिलं नाही ना, ते बोटानं चाचपलं. दोन रबरं एकावर एक आली की तेल दाबानं बाहेर फेकलं जातं. नव्या रबराला तेलाचं बोट लावलं, फिल्टर हातानं फिरवला, रबर टेकल्यावर पाऊण वेढा, बस. पाना लावलाच नाही. तेल भरलं, गाडी मिनिटभर चालवली, खाली वाकून बैठक कोरडी आहे ना पाहिलं, गाडी थांबवून डिपस्टिक काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काच खाली करून चावी फिरवली. खडखड आली नाही, लाल दिवा लगेच विझला. परत उद्यमनगरात गेले, तर काकांनी बॉनेट उघडायला लावलं आणि आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेननं फिल्टरचा पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहिले. ‘पुढच्या वेळी कुठं बी करा,’ म्हणाले, ‘पर हे दाखवून मागा.’