लूम ते लूप : कोडिंगची धमाल कुंडली

सुरतच्या डिंडोलीत राहणारा, लूम्सच्या खात्यात रातपाळी करणारा माणूस आणि कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग यांचा एकमेकांशी काय संबंध? 'काहीच नाही' म्हणालात? मग पुढची पाच मिनिटं आम्हाला द्याच. हे नातं २०० वर्षांहून जुनं आहे!

आधी पत्ता. डिंडोली म्हणजे उधन्याच्या शेजारचा, जळगाव-धुळे-नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीनं आलेल्या खानदेशी मंडळींनी गजबजलेला भाग. रस्त्यात अहिराणी कानावर पडते, आणि अनेक घरांत कुणी ना कुणी कापडाच्या धंद्यात असतंच. लूम्स, एम्ब्रॉयडरी, साडीचं पॅकिंग, काही ना काही. याच धंद्यातलं एक यंत्र आपल्या गोष्टीचा हीरो आहे. नाव : जेकार्ड!

माहीत आहे का? जेकार्ड हे एका माणसाचं आडनाव आहे. फ्रान्समधल्या लिऑं शहराच्या जोसेफ मारी जाकार यानं १८०४ साली हे यंत्र आणलं. काम असं चालतं : भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड सुयांच्या रांगेवर येऊन टेकतं. जिथं भोक, तिथं सुई आरपार जाते, तिचा हुक जागेवर उभा राहतो, वर जाणारं पातं त्याला उचलतं आणि ताण्याचा धागा वर! जिथं भोक नाही, तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, हुक पात्यापासून हटतो आणि धागा खालीच राहतो. एक कार्ड, बाण्याची एक फेक. पुढचं कार्ड, पुढची फेक. हळूहळू कापडावर मोर नाचायला लागतो.

भोक म्हणजे १, कोरा पुठ्ठा म्हणजे ०. झाली की बायनरी!

आणि कार्डांची माळ शिवून तिची टोकं जोडली की शेवटच्या कार्डानंतर पुन्हा पहिलं कार्ड येतं, बुट्टी आपोआप रिपीट होते. प्रोग्रॅमर याला 'लूप' म्हणतात. लूमवरचा लूप! आता इलेक्ट्रॉनिक जेकार्डात कार्डांच्या माळेऐवजी डिझाइनची फाइल जाते. पण हिशेब तोच : कुठला धागा वर, कुठला खाली.

रेकॉर्ड हवाय? घ्या! १८३९ मध्ये खुद्द जाकारचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्यासाठी कार्डं किती लागली? सुमारे २४,०००! लोकांना ते छापलेलं चित्रच वाटायचं. त्याची एक प्रत लंडनच्या चार्ल्स बॅबेज यांच्याकडे होती, आणि स्वतःच्या गणितयंत्रासाठी त्यांनी हीच कार्डांची युक्ती उचलली. काय करायचं ते सांगणारी कार्डं वेगळी आणि कशावर करायचं ते सांगणारी वेगळी! १८४३ साली एडा लव्हलेस यांनी या यंत्रावर टिपा लिहिल्या. जेकार्डचा माग फुलंपानं विणतो, तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल, असा त्यांचा दावा. यंत्र काही पूर्ण झालं नाही, पण त्यांनी मांडलेली रीत आज पहिल्या प्रोग्रॅम्समध्ये गणली जाते.

आता जंप! थेट दुसरं महायुद्ध. कोनराड त्सूझे या जर्मन इंजिनिअरनं 'प्लांकाल्क्यूल' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा कागदावर रचली, १९४५ पर्यंत. तिच्यात बुद्धिबळाचे प्रोग्रॅमसुद्धा होते. संपूर्ण आराखडा छापून यायला उजाडलं १९७२! एवढ्या उशिरा जन्मदाखला मिळालेली दुसरी भाषा शोधून दाखवाच.

माहीत आहे का, कॉम्प्युटरनं फ्रेंच बोलावं यावरून ऑफिसात गोंधळ झाला होता? ग्रेस हॉपर या अमेरिकन नौदलाच्या गणितज्ञ बाईंनी १९५२ मध्ये 'ए-झीरो' हा कंपायलर, म्हणजे आपल्या सूचना मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, बनवला. पुढं त्यांनी इंग्रजीतल्या सूचना समजणारा प्रोग्रॅम दाखवला आणि उत्साहाच्या भरात त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवल्या. साहेबलोक हादरले! फिलाडेल्फियात बनलेल्या मशीनला परदेशी भाषा येईलच कशी? हा किस्सा बाई स्वतः सांगायच्या. मशीनला इंग्रजीही येत नाही, सगळं त्याच्यासाठी १ आणि ०च, हे बाईंना कळलं होतं. साहेबांना नव्हतं.

मग आला भाषांमधला सुपरस्टार. नाव फोरट्रान, दिग्दर्शक जॉन बॅकस, निर्माते आयबीएम, रिलीज १९५७. एप्रिलमध्ये वेस्टिंगहाउसच्या बेटिस प्रयोगशाळेत पंच कार्डांचं एक पार्सल येऊन पडलं. सोबत ना चिठ्ठी, ना माहितीपुस्तक! हाच कंपायलर असणार असा अंदाज बांधून तिथल्या लोकांनी कार्डं मशीनला चारली आणि आपला प्रोग्रॅम चालवला. पहिलं उत्तर काय आलं? चूक! कंसानंतर एक स्वल्पविराम राहिला होता. तो टाकला आणि गाडी सुसाट सुटली. पुढं जगभरच्या प्रोग्रॅमर्सनी अशाच हरवलेल्या कॉमांच्या मागं किती रात्री जागवल्या असतील!

बोनस नगेट : आयबीएमच्या कार्डावर ८० उभे रकाने असायचे. म्हणून स्क्रीनवरही ओळ ८० अक्षरांची झाली. पायथॉन भाषेच्या लेखननियमांत आजही एका ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा आहे. पुठ्ठा गेला, माप उरलं.

आता बॅगा भरा, मुंबईला चला! टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या टीमनं संपूर्ण कॉम्प्युटर स्वतः बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं बारसं केलं : टिफ्रॅक! सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब्ज, आणि मेमरी? ४० बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार करा : जेमतेम १० केबी! फॅमिली ग्रुपवरचा 'शुभ सकाळ'वाला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण देशातल्या शास्त्रज्ञांची गणितं त्यात मावली. प्रोग्रॅम लिहायचा तो मशीनच्या भाषेत, आकड्याआकड्यानं. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा बडा पाहुणा आला, फोरट्रान सोबत घेऊन.

आणि इथं जरा थांबायलाच हवं. माहीत आहे का, प्रोग्रॅमिंगच्या भाषा म्हणजे मुळात काय, या प्रश्नावर मुंबईतून १९६७ मध्येच संशोधन छापून आलं होतं? लेखक हेच नरसिंहन. भाषा आणि कॉम्प्युटर या दोन्ही गोष्टी एकाच सिद्धान्तात बसवायचा त्यांचा प्रयत्न होता. प्रोग्रॅमरकडून पाहिलं तर भाषाच मशीन असते, आणि मशीनकडून पाहिलं तर तीही एक भाषाच. कंपायलरचं संशोधन म्हणजे अमेरिकेची मक्तेदारी असं मानणाऱ्या प्रत्येकाला हे नाव ऐकवा. शाळेच्या पुस्तकात ते कधीच यायला हवं होतं, असं आमचं ठाम मत.

चला, आता एका भांडणाकडे! १९५८ मध्ये झुरिकला युरोप-अमेरिकेचे तज्ज्ञ 'अल्गोल' ही सामाईक भाषा ठरवायला बसले. युरोपात ३,१४ लिहितात, अमेरिकेत ३.१४. टिंब की स्वल्पविराम? एकानं टेबलावर मूठ आपटली : दशांशासाठी टिंब कदापि वापरणार नाही! तोडगा काय निघाला? भाषेची तीन रूपं ठेवायची. एक मूळ, एक छापायचं आणि एक मशीनचं. ज्यानं त्यानं आपापलं चिन्ह वापरावं. हे म्हणजे वरणात गूळ घालावा की नाही यावर दोन वाट्या वेगळ्या काढण्यासारखं झालं, पण लग्न पार पडलं!

याच अल्गोलचं व्याकरण लिहायला बॅकस यांनी जी पद्धत वापरली, ती प्रसिद्ध झाली. मग १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या संशोधकानं एका संगणक नियतकालिकाला पत्र लिहिलं : अहो, नियमांची अशी मांडणी पाणिनीनं केव्हाच केली आहे, या पद्धतीला पाणिनी-बॅकस म्हणा! पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रं आहेत, आणि इतक्या थोडक्यात त्यानं अख्खी संस्कृत बसवली. सूचना मात्र रुजली नाही. रुजायला हवी होती!

दाढीचा किस्सा ऐकलाय? ॲमस्टरडॅममध्ये एड्स्खर डाइकस्ट्रा आणि त्यांचे सहकारी झोनेव्हेल्ड यांनी पण केला : अल्गोल ६०चा कंपायलर चालेपर्यंत दाढी करायची नाही. ऑगस्ट १९६०, कंपायलर तयार! झोनेव्हेल्ड यांनी लगेच वस्तरा हाती घेतला, डाइकस्ट्रांची दाढी कायमची राहिली. याच गृहस्थांना १९५७ मध्ये लग्नाच्या कागदांवर व्यवसाय म्हणून 'प्रोग्रॅमर' लिहायचं होतं. नगरपालिका म्हणाली, असला धंदाच नसतो!

कोबोल या भाषेचं तर थडगंच येऊन पोचलं होतं. खरोखर! ही भाषा ठरवणाऱ्या समितीचं काम रखडलं म्हणून वैतागलेल्या हॉवर्ड ब्रॉम्बर्ग यांनी 'कोबोल' असं कोरलेला संगमरवरी दगड पेंटॅगॉनमध्ये चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला. भाषा मेली नाहीच. अजून जगभरच्या बँकांत पैशांचे हिशेब सांभाळते आहे. दगड म्युझियममध्ये, भाषा ड्यूटीवर!

लिस्प भाषेची गंमत छोटी आणि झकास. जॉन मॅकार्थी यांनी एक सूत्र केवळ सिद्धान्त म्हणून कागदावर मांडलं. स्टीव्ह रसेल हा तरुण म्हणाला, हे मी मशीनवर चालवतो. मॅकार्थी म्हणाले, अरे, ते वाचण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही! त्यानं चालवलंच. पुढं 'स्पेसवॉर' हा गाजलेला व्हिडिओ गेमही याच पठ्ठ्यानं केला.

आणि बेसिक भाषा? १ मे १९६४, पहाटे चार वाजता जन्म. इकडे महाराष्ट्र दिन, तिकडे डार्टमथ कॉलेजात बेसिक दिन!

आता पुण्याचं कनेक्शन. माहीत आहे का? पास्कल भाषा जगभर पसरली त्यामागं एका भारतीयाचा मोठा हात होता. केशव नोरी! १९७०च्या दशकात झुरिकला पास्कलचे जनक निक्लाउस विर्ट यांच्या चमूत त्यांनी 'पास्कल-पी' कंपायलरवर काम केलं. युक्ती भन्नाट होती. कंपायलर खऱ्या मशीनसाठी कोड काढतच नाही, एका काल्पनिक मशीनसाठी काढतो. तुमच्याकडे कुठलंही मशीन असो, त्या काल्पनिक मशीनचं सोंग घेणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, पास्कल हजर! पुढं जावानं हाच रस्ता धरला. नोरी नंतर पुण्यात टीआरडीडीसीमध्ये होते. टाटांची ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था १९८१ मध्ये सुरू झाली.

आणि शेवटचा स्टॉप पवई! आयआयटीतले धनंजय ढमढेरे हे कंपायलर ऑप्टिमायझेशनमधलं मोठं मराठी नाव. समजा, प्रोग्रॅममध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेवर अ + ब आधीच मोजून झालंय, दुसऱ्या वाटेवर नाही. दोन्ही वाटा जिथं मिळतात तिथं पुन्हा अ + ब आलं, तर पहिल्या वाटेनं आलेल्याची मेहनत फुकट. मग करायचं काय? ती बेरीज फक्त दुसऱ्या वाटेवर आधीच उरकून घ्यायची, म्हणजे पुढं कुणालाच परत मोजावी लागत नाही. फ्रान्सच्या मोरेल आणि रेनव्हाझ यांनी १९७९ मध्ये याची पद्धत दिली. ती प्रत्यक्षात नीट चालेल अशी सुधारणा ढमढेऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित जर्नलमध्ये मांडली. त्यानंतर १९९४ मध्ये उदय खेडकर आणि ढमढेरे या जोडीनं अशा विश्लेषणांचा एक व्यापक सिद्धान्तच लिहिला. खेडकर सर मग जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरच्या मागं लागले, आणि पवईत त्याच्या आतल्या कामकाजाच्या कार्यशाळा भरवून देशभरच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांना त्याचं पोट उघडून दाखवू लागले.