मशीन दिले, म्हणजे धंदा दिला काय?



धर्मापुरी परिसरातील पारधी तरुणांना दाबाच्या पाण्याने धुलाई करणारे मशीन द्यावे काय, अशी विचारणा काही मंडळ्यांकडून झाली आहे. या मशीनवर ट्रॅक्टर, फरशा, शेड धुता येतात आणि हॉटेलांच्या स्वयंपाकघरातील धुराडीही साफ करता येतात. मशीन एका दिवसात विकत आणता येते. धंदा उभा राहण्यास मात्र आणखी काही गोष्टी लागतात, त्या आपल्यापुढे मांडत आहे.

प्रथम गरज पाहू. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतली की ती फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता बांधला जातो आणि लेकरांची शाळा सुटते. गावाजवळ बारमाही काम मिळाले, तर लेकरे वर्गात राहतील. परळीला यात्रेकरूंसाठी खाणावळी आहेत, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालय व त्याभोवतीच्या मेस आहेत, रस्त्यांवर धाबे आणि मंगल कार्यालये आहेत. गिऱ्हाईक येथेच आहे.

धुराडे साफ का करावे लागते? तळणीची वाफ वर जाऊन जाळ्यांत, पत्र्याच्या नळीत आणि पंख्यावर थंड होते व तेलाचा चिकट थर बसतो. कढईतला भडका तेथवर पोहोचला की थर पेटतो आणि चालू पंखा ती आग छतापर्यंत ओढून नेतो. अमेरिकेतील एनएफपीए ९६ या मानकानुसार लाकूड-कोळशावर चालणाऱ्या स्वयंपाकघराचे धुराडे दर महिन्याला, मोठ्या प्रमाणावर रांधणाऱ्याचे तीन महिन्यांनी आणि मध्यम कामाचे सहा महिन्यांनी तपासावे. आपल्याकडे २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याने अशा जागेच्या आगीपासूनच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर व ताबेदारावर टाकली आहे. चांगले काम केले, तर तेच गिऱ्हाईक पुन्हा बोलावते.

कामाची रीत अशी. गॅस, वीज व पंखा बंद करायचा आणि भट्टी निवू द्यायची. शेगड्या प्लास्टिकने झाकायच्या. जाळ्या काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायच्या. पण जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर सोडा ती खातो, म्हणून तेथे साधा साबण वापरायचा. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचे नाही. नळीतला थर आधी खरवडून काढायचा, मगच धुवायचे. खाली आलेले तेलकट पाणी टपात धरायचे, गटारात सोडायचे नाही. शेवटी आधीचे व नंतरचे फोटो मालकाला दाखवून तारखेची पावती द्यायची.

दुष्काळात पाणी कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. लहान मशीन मिनिटाला साधारण सहा-सात लिटर पाणी घेते. उघडा पाइप त्याहून बरेच अधिक ओततो. पण हाच दाब कातडी फाडतो. फवारा लागून बारीक छिद्र पडले, तरी तडक दवाखाना गाठावा. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरासारख्या जुन्या कोरीव दगडावर हे मशीन कधीही लावू नये.

आता दोन मोठे धोके सांगतो. पहिला रात्रीचा. धुराड्याचे काम हॉटेल बंद झाल्यावर, पुष्कळदा छपरावर चढून करावे लागते. गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, तरी मध्यरात्री छपरावर दिसलेल्या पारधी तरुणाकडे लोक कसे पाहतात, हे आपण जाणतो. म्हणून ओळखपत्र, गणवेश आणि मालकाच्या सहीचा कामाचा कागद खिशात असल्याशिवाय कोणी निघू नये.

दुसरा धोका शौचालयाच्या टाकीचा. धुलाईवाला आला की, ‘ती टाकीही उपसून द्या, वर पैसे देतो,’ असे म्हणणारे भेटतात. मे २०२३ मध्ये शेजारच्या सोनपेठ तालुक्यात टाकी साफ करताना पाच जण मरण पावले. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे काम करवून घेणे गुन्हा आहे. आमचा नियम एकच आहे: टाकीत कोणीही उतरायचे नाही, पैसे कितीही मिळोत.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाचा दाखला आपण ऐकला आहे. तसा हिशेब येथेही करू. समजा, एका धाब्याचे २,००० रुपये ठरले. दोघांची मजुरी १,२००, प्रवास २००, सोडा व हातमोजे २००, मशीनची झीज १५०. उरले २५०. कोणी १,५०० मध्ये मागितले, तर मजुरीच कापावी लागते. ‘नाही’ म्हणता येणे हेही शिकवावे लागते.

कर्जासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाविना सोय आहे; शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाच्याही योजना आहेत. उद्यम नोंदणी मोफत होते. अडते ते जातीच्या दाखल्यापाशी आणि रेशन कार्डापाशी. त्यासाठी तहसीलच्या फेऱ्या मारणे हे आमच्या सेवेचे मोठे काम आहे.

म्हणून विनंती अशी की, मशीनसाठी देणगी देताना गमबूट, चष्मे, हातमोजे, वीज तोडणारा सुरक्षा स्विच, अपघात विमा आणि पहिल्या वर्षाची हिशेबवही यांचाही विचार करावा. आपल्या मंडळीचे सभागृह किंवा वसतिगृहाचे स्वयंपाकघर पहिले काम म्हणून द्यावे, पण पूर्ण दराने द्यावे. दयेपोटी दिलेल्या कामापेक्षा रास्त दाम त्यांना अधिक उपयोगी पडेल.

प्रार्थनेत आठवण ठेवा: रात्री कामावर जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी, अडलेल्या दाखल्यांसाठी आणि या हंगामात लेकरे शाळेत राहावीत यासाठी.