चिमुकल्या एस्टोनियाची नोंदवही



उसाची नोंद मोबाइलवर घेतली जाऊ लागल्यापासून गटवार बैठकांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. कागद होता तेव्हा निदान सही-अंगठा तरी दिसायचा. आता यंत्रात काय लिहिलं आणि मागाहून कुणी बदललं, हे आम्हाला कळायचं कसं? प्रश्न रास्त आहे. तो फक्त उसापुरता नाही आणि फक्त आपल्या देशापुरताही नाही. या प्रश्नाला एका अगदी लहान राष्ट्राने जे उत्तर शोधले, त्याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

युरोप खंडाच्या ईशान्येला, बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा साधारण सातवा हिस्सा. लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या आसपास. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीला याच्या अडीचपटीहून अधिक माणसे होती! निम्म्या भूमीवर जंगल, हिवाळा कडक, ऊस तर नावालाही नाही. असे असूनही कागदाविना राज्यकारभार म्हटला की साऱ्या जगात पहिले नाव याच देशाचे निघते.

या लोकांना नोंदीची एवढी ओढ का, हे त्यांच्या जमिनीच्या इतिहासावरून समजते. १९४० साली सोव्हिएत रशियाने हा देश गिळंकृत केला व जमिनी सरकारजमा झाल्या. मार्च १९४९ मध्ये वीस हजारांवर माणसे, त्यांत बायका-मुलेच फार, आगगाडीत भरून सैबेरियाकडे धाडण्यात आली. त्या धाकाने उरलेले शेतकरी भराभर सामूहिक शेतीत सामील झाले. (या सामूहिक शेतीला आपल्या सहकाराच्या पंक्तीला बसवू नये. आपण भाग घेतले ते स्वखुशीने, आणि जमीन आपल्याच नावावर राहिली.) २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला आणि जमिनी मूळ मालकांना वा त्यांच्या वारसांना परत देण्याचे काम सुरू झाले. तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचे जुने दस्त दप्तरखान्यांतून शोधून काढावे लागले. ज्याच्या आजोबाच्या नावाची नोंद सापडली त्याचा दावा उभा राहिला. सातबारावरचे एक नाव चुकले तर तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नवे सरकार आले ते रिकाम्या तिजोरीवर. जागोजागी कचेऱ्या व कारकून ठेवणे परवडणारे नव्हते. १९९६ साली 'व्याघ्रझेप' या नावाने सर्व शाळांत संगणक नेण्याची योजना निघाली. २००१ च्या अखेरीस सरकारी दप्तरे एकमेकांना जोडणारी 'एक्स-रोड' ही व्यवस्था सुरू झाली आणि २००२ पासून नागरिकांना संगणकीय ओळखपत्र मिळू लागले. त्या पत्राला दोन गुप्त अंक असतात. एक ओळख पटवायला, दुसरा सही करायला. ही सही कायद्याने हातच्या सहीइतकीच धरली जाते.

एक्स-रोडची मेख समजून घेण्यासारखी आहे. सगळ्या देशाची माहिती एका मोठ्या कोठारात ओतली, असे त्यांनी केले नाही. जमिनीची वही जमीन खात्याकडे, दवाखान्याची दवाखान्याकडे, वाहनांची वाहन खात्याकडे. वही कुणी कुणाच्या घरी नेत नाही. एका खात्याला दुसऱ्याकडून काही हवे असेल तर तेवढाच प्रश्न मोहोरबंद पाकिटातून जावा तसा जातो आणि तेवढेच उत्तर परत येते. कुणी विचारले व केव्हा विचारले, याची खूण मागे राहते. दुसरे असे, की तीच माहिती साठवायला दुसऱ्या खात्याने स्वतंत्र वही उघडायला कायद्याने मनाई आहे. सरकारला एकदा सांगितलेले पुन्हा पुन्हा सांगायचे नाही. आपल्याकडे एकाच फडाची नोंद दोन कारखान्यांकडे होते आणि तोडणीच्या वेळी दोन्हीकडचे चिटबॉय बांधावर समोरासमोर उभे राहतात. तसला प्रकार या रीतीत होणे कठीण.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एस्टोनियातील नागरिक आपले ओळखपत्र लावून सरकारी दालनात शिरला, की आपली माहिती कोणत्या खात्याने केव्हा पाहिली, हे त्याला पाहता येते. सगळी खाती अजून त्यात आलेली नाहीत, पण महत्त्वाची बरीच आली आहेत. काम नसताना कुतूहलापोटी दुसऱ्याची माहिती उघडून पाहिली म्हणून कर्मचाऱ्यांवर कारवाई झाल्याची उदाहरणे तिथे आहेत. म्हणजे काय, तर नुसते सरकार नागरिकाकडे पाहत नाही, नागरिकही सरकारकडे पाहतो. आमच्या मते त्या देशाची खरी कमाई ही आहे. यंत्रे काय, पैसे टाकले की कुणालाही मिळतात.

ऊसनोंदीतही हेच व्हायला हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लागणीची तारीख, जात, क्षेत्र यांत दुरुस्ती झाली तर कोणी केली, कोणत्या दिवशी केली, हे त्या सभासदाला दिसले पाहिजे. आडसाली उसाची तारीख आठ दिवसांनी मागे-पुढे झाली की तोडणीचा क्रम बदलतो, खोडव्याचे गणित बदलते आणि गावात कुजबूज सुरू होते. कधी ती खरी असते, कधी उगाच. खूण मागे राहिली तर दोन्ही उघड होते. यात आमच्या शेतकी खात्याच्या माणसांनाही संरक्षण आहे, कारण न केलेल्या गोष्टीचा बोल त्यांना लागणार नाही. आणि सभासदांनीही पंचवीस गुंठ्यांचा एकर सांगू नये! राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः आपले पीक नोंदवण्याची पद्धत आली आहे. आपली नोंद आपल्या हाती आली, तशी तिची जबाबदारीही आली.

निवडणुकीचेही सांगितले पाहिजे. २००५ च्या स्थानिक निवडणुकीत त्यांनी घरबसल्या संगणकावरून मतदानाची सोय केली. तेव्हा शंभरात दोन मतदारांनीही ती वापरली नाही. मार्च २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत मात्र निम्म्याहून अधिक मते या मार्गाने पडली. घरी मतदान म्हटल्यावर कुणी शेजारी उभे राहून दडपण आणील, ही शंका येणारच. त्यावर त्यांची तोड अशी, की मुदतीत कितीही वेळा मत बदलता येते, शेवटचे तेवढे धरले जाते. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिले तर संगणकावरचे आपोआप रद्द होते. दडपणाखाली मत दिलेल्याने रात्री निवांत बसून पुन्हा द्यावे. पॅनेलवाल्या मंडळींनी हे वाचून हसू नये. पण सगळेच आलबेल आहे असेही नाही. २०१४ साली परदेशी तज्ज्ञांच्या एका गटाने या पद्धतीतील कच्चे दुवे दाखवून ती बंद करण्याचा सल्ला दिला होता आणि तिथल्या काही पक्षांचा तिला आजही विरोध आहे.

संकटेही आली. एप्रिल २००७ मध्ये राजधानी ताल्लिनमधील सोव्हिएत काळातील एका सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ सरकारी खाती, बँका व वर्तमानपत्रे यांच्या संगणकांवर बाहेरून खोट्या मागण्यांचा असा भडिमार झाला की ते ठप्प पडू लागले. २०१७ साली तर ओळखपत्रातील चकतीतच दोष निघाला व साडेसात लाखांच्या घरातील ओळखपत्रे धोक्यात आली. सरकारने तो दोष दडवला नाही. सप्टेंबरात जाहीर केला, लोकांना दुरुस्ती करून घ्यायला लावली आणि नोव्हेंबरात उरलेल्या ओळखपत्रांचा संगणकीय वापर थांबवला. त्याच वर्षी लक्झेंबर्ग या देशाशी करार करून महत्त्वाच्या वह्यांची एक प्रत तिकडे ठेवण्याची तजवीज केली. जमिनीचे दस्तही त्यात आहेत. वकिलातीला असते तसे संरक्षण त्या जागेला आहे. देश पुन्हा कुणी बळकावला तरी कोणाची जमीन कोणती, हे पुसले जाऊ नये, हा हेतू. १९४० चा अनुभव पाठीशी असल्यावर माणूस बी एकाच कणगीत ठेवत नाही.

शेतीतही या व्यवस्थेचा उपयोग आहे. तिथे कायम गवताच्या रानाला अनुदान मिळते, पण ठराविक मुदतीत गवत कापावे लागते. पूर्वी निरीक्षक रानोरान हिंडत व त्यांच्याने थोडीच राने पाहून होत. २०१८ पासून युरोपच्या उपग्रहांच्या छायाचित्रांवरून गवत कापले की नाही, हे ताडले जाते. त्यांत एक प्रकार ढगांतूनही पाहू शकणारा आहे. आभाळ भरून राहणाऱ्या देशाला त्याचे मोल मोठे, आणि आपल्या पावसाळ्यालाही ते लागू पडते.

आता दिव्याखालचा अंधारही पाहू. संगणकाला वीज लागते. ही वीज अनेक दशके त्या देशाने मुख्यतः तेलयुक्त दगड जाळून काढली. पूर्वेकडील नार्वा भागात तो खणून काढतात. कोळशापेक्षाही मळकट असे हे इंधन, आणि त्याच्या राखेच्या टेकड्या उभ्या राहिल्या आहेत. कागद वाचवला, झाड वाचवले असे म्हणायचे आणि मागे धुराडे पेटते ठेवायचे, ही विसंगती तिथल्या लोकांनाही खुपते. २०३५ पर्यंत या दगडाची वीज बंद करण्याचे सरकारने ठरवले आहे. परंतु त्या खाणींवर पोट असलेली हजारो कुटुंबे तिथे आहेत. तारीख ठरवणे सोपे, त्या माणसांना काम देणे अवघड. बगॅसवर वीज करणाऱ्या आपल्यासारख्यांनी या बाबतीत फार ऐट मिरवू नये. पाचट अजूनही पेटते, ते आपणच पेटवतो.

सर्वांत शेवटी, आम्हाला सर्वाधिक भावलेली हकिगत. त्या देशात 'ताल्गुद' नावाची जुनी चाल आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकत्र जमून एकाचे काम उरकायचे आणि त्याने जेवू घालायचे. आपलं इर्जिकच म्हणा ना! जंगलात व ओढ्याकाठी लोकांनी वर्षानुवर्षे चोरून टाकलेला कचरा ही मोठी डोकेदुखी झाली होती. संगणक व्यवसायातील रेनर न्युल्वाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली याच चालीला मोबाइलची जोड दिली. आधी काही महिने स्वयंसेवकांनी रान पालथे घालून दहा हजारांवर उकिरडे नकाशावर टिपले. कुठे टायर, कुठे काच, किती माणसे लागतील, असे सगळे. मग ३ मे २००८ या एका दिवशी सुमारे पन्नास हजार लोक बाहेर पडले आणि दहा हजार टनांच्या आसपास कचरा उचलून ते संध्याकाळी घरी गेले. शंभरातली जवळजवळ चार माणसे रानात! कोण कुठे जाणार, ट्रॅक्टर कुठे उभा करायचा, हे आधीच ठरलेले होते, म्हणून एका दिवसात उरकले. पुढे ही कल्पना देशोदेशी गेली. १५ सप्टेंबर २०१८ रोजी दीडशेहून अधिक देशांत एकाच दिवशी सफाई झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने २० सप्टेंबर हा जागतिक स्वच्छता दिन म्हणून मान्य केला.

आपल्या कार्यक्षेत्रात कालव्याच्या कडेला औषधांच्या रिकाम्या बाटल्या, ठिबकच्या तुटक्या लॅटरल आणि खतांच्या पिशव्या किती पडल्या आहेत, हे फिरतीवर आम्ही रोज पाहतो. नोंद घेणाऱ्या चिटबॉयच्या हाती मोबाइल आहेच. हंगाम संपल्यावर प्रत्येक गटातील अशा जागा टिपून घेण्याचा आमचा विचार आहे. आपल्या शिवारातील जागा ठाऊक असतील तर गट कार्यालयात गट नंबरासह कळवाव्यात. बाटल्या हाताळताना हातमोजे घालावेत, त्या जाळू नयेत व विहिरीजवळ धुऊ नयेत.